सोयाबीनचे दाणे आणि डोक्यावरील केस

वैशाखांतली गोष्ट. आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव वयाच्या सव्विसाव्या वर्षींच कपाळ मागें सरूं लागल्यामुळें खिन्न झाले होते. घरांत त्यांच्या विवाहाचें घाटत होतें, आणि मुलीकडील मंडळी छायाचित्र पाहून काय म्हणतील ही चिंता त्यांच्यापेक्षां त्यांच्या मातोश्रींस अधिक लागली होती. अशा वेळीं आमच्या वाचनांत एक जाहिरात आली. सोयाबीनच्या दाण्यांत असा एक वनस्पतिज पदार्थ आहे कीं, तो टकलाचें मूळ कारणच नाहींसें करतो, असा तिचा आशय होता. वनस्पतिज, शाकाहारी आणि शिवाय शास्त्रसिद्ध! आम्हीं पस्तीस वर्षें मुलांना संस्कृत शिकविलें, तर्कसंग्रहांतील हेत्वाभास फळ्यावर लिहून समजावून दिले. परंतु त्या दिवशीं त्यांतला एकही आम्हांस आठवला नाहीं. दुसऱ्याच दिवशीं सोयाबीनच्या भाजलेल्या पिठाचा मोठा डबा घरांत आला.

एकत्र कुटुंबांत कोणतीही वस्तु एकट्यापुरती राहत नाहीं. पुतण्यासाठीं आणलेलें पीठ आठ दिवसांत सर्वांच्या दुधांत पडूं लागलें. आमच्या थोरल्या सूनबाईंचेही केस कांहीं महिन्यांपासून विंचरतांना हातीं येत होते. त्यांना थायरॉईड ग्रंथीच्या मंदपणासाठीं रोज पहाटे अनशेपोटीं एक बारीकशी गोळी घ्यावी लागते. ती गोळी आणि तें पीठ घातलेलें दूध यांची वेळ आम्हींच एक करून दिली. "दोन्ही एकदमच घेत जा, म्हणजे विसर पडावयाचा नाहीं," हे आमचे शब्द.

तीन महिन्यांनीं पुतण्याचें कपाळ होतें तेथेंच होतें. सूनबाईंचे केस मात्र पूर्वींपेक्षां अधिक गळूं लागले, पाय जड झाले, भर दुपारीं डोळ्यांवर झांपड येऊं लागली. डॉक्टरांनीं रक्त तपासविलें, तेव्हां ग्रंथीचा मंदपणा वाढल्याचें आढळून आलें. "गोळी चुकते का?" असें त्यांनीं विचारलें.

"एकही दिवस नाहीं," सूनबाई म्हणाल्या. "मामंजींनीं सांगितल्याप्रमाणें रोज दुधाबरोबर घेतें."

मग दुधांत काय असतें हा प्रश्न निघाला, आणि त्याचें उत्तर देतांना आम्हांस मान खालीं घालावी लागली. दूध आणि सोयाबीन हे दोन्ही पदार्थ ती गोळी आंतड्यांत नीट शोषूं देत नाहींत, हें डॉक्टरांनीं आम्हांस न रागावतां सांगितलें. रागावले असते तर बरें वाटलें असतें. त्यानंतर आम्हीं या विषयाचें जेवढें मिळेल तेवढें वाचन केलें. तें वाचकांपुढें मांडणें हें आम्ही आमचें प्रायश्चित्त समजतों.

केस कां गळतात?

मनुष्याच्या डोक्यावर सुमारें एक लाख केस असतात, आणि निरोगी माणसाचेही रोज पन्नास ते शंभर केस गळतात. प्रत्येक केसाला त्याची आयुर्मर्यादा असते. तो दोन ते सहा वर्षें वाढतो, पुढें वाढ थांबून सुमारें तीन महिने विश्रांति घेतो, आणि मग गळून पडतो. त्याच मुळांतून नवा केस वर येतो. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, उपासमार अथवा तीव्र मनःक्लेश यांच्या योगानें पुष्कळसे केस एकाच वेळीं विश्रांतीच्या अवस्थेंत जातात आणि दोन-तीन महिन्यांनीं एकदम गळूं लागतात. २०२० व २०२१ सालीं कोविडच्या सांथींतून उठलेल्या अनेकांनीं हा अनुभव घेतला. हें गळणें बहुधा आपोआप थांबतें, आणि त्या वेळीं जो उपाय चालूं असेल त्याला फुकटचें श्रेय मिळतें. स्त्रियांच्या बाबतींत रक्तांतील लोहाची उणीव आणि थायरॉईड ग्रंथीचा मंदपणा हीं केस विरळ होण्याचीं नेहमींचीं कारणें आहेत.

पुरुषांचें टक्कल हा निराळा प्रकार आहे. तें कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांपासून अथवा टाळूपासून सुरू होतें, आणि कानांवरची व मानेवरची झालर शेवटपर्यंत शाबूत राहते. आपल्याकडे सुश्रुतानें इंद्रलुप्त अथवा खालित्य या नांवानें केस जाण्याचा विकार क्षुद्ररोगांत गणला आहे. वात व पित्त केसांच्या मुळांशीं जाऊन केस पाडतात आणि मागाहून कफ व रक्त तीं छिद्रें बुजवितात, म्हणून नवा केस येत नाहीं, अशी त्याची उपपत्ति आहे. मूळ जागेवरच राहतें पण त्यांतून पूर्ववत् केस निघत नाहीं, हें त्याचें निरीक्षण आजही लक्षांत घेण्यासारखें आहे.

या टकलाचा आधुनिक उलगडा १९४२ सालीं जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानें केला. तारुण्यांत येण्यापूर्वींच ज्यांचे वृषण निकामी झाले अथवा काढले गेले, अशा पुरुषांस टक्कल पडत नाहीं, असें त्याला दिसलें. अशांना पुरुषसंप्रेरक, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, टोचल्यावर ज्यांच्या घराण्यांत टक्कल होतें त्यांचे केस जाऊं लागले. टोचणें बंद केल्यावर टक्कल पुढें वाढेना, पण गेलेले केसही परत येईनात. म्हणजे टकलाला आनुवंशिक बीज आणि पुरुषसंप्रेरक हीं दोन्ही लागतात. शरीरांत एका विशिष्ट किण्वाच्या क्रियेनें टेस्टोस्टेरॉनपासून डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन नांवाचा अधिक प्रखर पदार्थ बनतो, हें पुढें कळलें. ज्यांच्या ठायीं तसें बीज असतें त्यांच्या केसांचीं मुळें या पदार्थामुळें वर्षानुवर्षें आकसत जातात, आणि शेवटीं केसाच्या जागीं केवळ लव उरते. त्या किण्वाला आवर घालणारें फिनास्टेराइड हें औषध अमेरिकेंत १९९७ सालीं टकलासाठीं मंजूर झालें. तें डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून घेण्याचें नव्हे, आणि गर्भवती स्त्रीनें तर त्याच्या फुटक्या गोळीस हातही लावूं नये. कारण पुरुषगर्भाच्या वाढींत त्यानें बिघाड होऊं शकतो. अशा धाकामुळेंच लोकांची दृष्टि वनस्पतींकडे वळते.

दाण्यांत काय आहे?

सोयाबीन हें पूर्व आशियाचें धान्य. चीन व जपान या देशांत तें टोफू, मिसो, नाट्टो अशा रूपांनीं पिढ्यान् पिढ्या खाल्लें जातें. आपल्या प्राचीन ग्रंथांत मूग, उडीद, कुळीथ यांचे गुणदोष आहेत, सोयाबीनचे नाहींत. मात्र कुमाऊंच्या डोंगराळ प्रदेशांत काळ्या सोयाबीनचें 'भट' हें कडधान्य जुन्या काळापासून शिजतें. महात्मा गांधींनीं १९३५ सालीं वर्ध्याच्या मगनवाडींत सोयाबीनचे आहारविषयक प्रयोग केले व 'हरिजन' पत्रांतून त्याविषयीं लिहिलें. आज विदर्भ-मराठवाड्याचीं शेतेंच्या शेतें या पिकाखालीं असतात, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें त्याच्या नव्या जाती काढल्या आहेत. दाण्यांत शेंकडा चाळीसच्या आसपास प्रथिन आणि वीसच्या आसपास तेल असतें. तेल आपल्या कढईंत येतें. पेंड मुख्यतः कोंबड्या-गुरांकडे जाते.

ज्यांच्याविषयीं एवढा बोभाटा आहे ते पदार्थ निराळेच. त्यांस आयसोफ्लेवोन म्हणतात. डेडझीन, जेनिस्टीन व ग्लायसिटीन हे त्यांतले तीन प्रमुख. डेडझीन हें नांव जपानी भाषेंत सोयाबीनला असलेल्या 'दाइझु' या शब्दावरून पडलें आहे. यांची घडण स्त्रीसंप्रेरकाशीं थोडीशी मिळतीजुळती असल्यामुळें शरीरांत त्यांचा क्षीणसा तत्सदृश परिणाम होतो. सुक्या दाण्याच्या एका ग्रॅममध्यें हे पदार्थ साधारणतः एक ते तीन मिलिग्रॅम असतात. शुद्ध केलेल्या सोयाबीन तेलांत मात्र ते जवळजवळ नसतात. म्हणून "आमच्याकडे सोयाबीनचेंच तेल आहे" या समाधानाला केसांच्या दृष्टीनें कांहीं अर्थ नाहीं.

गोष्ट येथेंच संपत नाहीं. डेडझीन आंतड्यांत पोंचल्यावर तेथील कांहीं जिवाणु त्याचें रूपांतर इक्वॉल नांवाच्या पदार्थांत करतात. हा पदार्थ मॅरियन व हॅझलवुड या ब्रिटिश संशोधकांना १९३२ सालीं गाभण घोडीच्या मूत्रांत सांपडला. लॅटिन भाषेंत घोड्याला 'इक्वुस' म्हणतात, त्यावरून हें नांव आलें. आपला 'अश्व' आणि तो 'इक्वुस' हे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. परंतु हे जिवाणु सर्वांच्या पोटांत नसतात. पाश्चात्य देशांत शेंकडा पंचवीस ते तीस, तर जपान-चीनकडे शेंकडा पन्नास ते साठ माणसांच्या पोटांत इक्वॉल बनतें. अमेरिकेंतील एका पाहणींत, २००६ सालीं, शाकाहारी लोकांत हें प्रमाण शेंकडा ५९ आणि इतरांत शेंकडा २५ भरलें. तेव्हां एकाच पंक्तीला बसून तीच उसळ खाणाऱ्या दोघां भावांपैकीं एकाच्या पोटांत इक्वॉल तयार व्हावें आणि दुसऱ्याच्या पोटांत होऊं नये, हें सहज शक्य आहे.

२००४ सालीं अमेरिकन संशोधकांनीं उंदरांवर प्रयोग करून दाखविलें कीं, इक्वॉल हें डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनला स्वतःच बिलगतें व त्याचें कार्य होऊं देत नाहीं. इक्वॉल टोचलेल्या नर उंदरांच्या प्रोस्टेट ग्रंथीचें वजन घटलें. टक्कल पाडणाऱ्याच पदार्थाला सोयाबीनपासून बनणारा पदार्थ धरून ठेवतो, एवढें वाचल्यावर जाहिरात लिहिणाऱ्याला आणखी काय हवें? तिच्यांतलें हें वाक्य खोटें नव्हतेंच. जें खोटें होतें तें त्या वाक्याच्या पुढें आपण मनांत पूर्ण करून घेतों तें.

कुंभाराचें गाढव

आमचा डबा ज्या पुराव्यावर घरांत आला, तो पुरावा उंदरांच्या प्रोस्टेट ग्रंथीचा होता. माणसाच्या केसांचा नव्हता. केसांवरचे प्रयोगही झाले आहेत. क्योटो विद्यापीठांतील संशोधकांनीं सोयाबीनच्या प्रथिनापासून मिळविलेल्या एका लहानशा तुकड्यानें, कर्करोगावरील एका औषधामुळें उंदरांच्या पिल्लांचे जाणारे केस वांचविले. दुसऱ्या एका प्रयोगांत, २००३ सालीं, चाईचा रोग होणाऱ्या जातीच्या उंदरांस आहारांतून सोयाबीन तेल अधिक दिल्यावर, आणि वेगळ्या गटास जेनिस्टीन टोचल्यावर, तो रोग कमी झाल्याचें दिसलें. परंतु औषधानें केस जाणें निराळें, चाई निराळी आणि घराण्यांतून आलेलें टक्कल निराळें. तीनही ठिकाणीं केस जातात एवढ्यावरून तिन्हींचा उपाय एक ठरत नाहीं.

माणसांवरचा जो प्रयोग वारंवार पुढें केला जातो तो जपानांतील, २००७ सालचा. केस गेलेल्या ३१ जणांस पांच महिने रोज ७५ मिलिग्रॅम आयसोफ्लेवोन आणि मिरचीचा तिखटपणा ज्यामुळें येतो तें ६ मिलिग्रॅम कॅप्सेसिन दिलें. १७ जणांस नुसती निःसत्त्व गोळी दिली. पहिल्या गटांत २० जणांचे व दुसऱ्यांत २ जणांचे केस वाढल्याचें प्रसिद्ध झालें. आंकडे मोहक खरे. पण माणसें अवघीं ४८. आणि सोयाबीन व मिरची हीं दोन्ही एकत्र दिलेलीं असल्यामुळें श्रेय कोणाचें हें सांगतां येत नाहीं. शिवाय त्याच प्रयोगशाळेंतून निघालेल्या दुसऱ्या कित्येक निबंधांत लबाडी झाल्याचें २०१२ सालीं विद्यापीठाच्या चौकशींत उघड झालें. ज्या साक्षीदाराची दुसरीकडे लबाडी पकडली गेली, त्याच्या एकट्याच्या साक्षीवर निकाल देऊं नये, हें न्यायालयाबाहेरही खरें आहे.

तैवानांतील एक पाहणी २०१३ सालीं प्रसिद्ध झाली. तींत टक्कल असलेल्या पुरुषांच्या आहारांत सोयाबीनचे पदार्थ कमी आढळले. येथें आम्हांस आमचाच फळा आठवला. घट तयार होण्यापूर्वीं माती असते, चाक असतें, दंड असतो, आणि माती वाहून आणणारें गाढवही असतें. तरी गाढवाला घटाचें कारण म्हणत नाहींत. नैयायिक त्याला अन्यथासिद्ध म्हणतात. तो जवळ हजर आहे, पण त्याच्यावांचून घट अडत नाहीं. जो मनुष्य रोज सोयाबीनचें दूध घेतो तो कदाचित् इतरही गोष्टी निराळ्या करीत असेल. त्याचें घराणें निराळें असेल. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचें कारण ठरत नाहीं, हें आम्ही मुलांना शिकवीत होतों. स्वतः मात्र गाढवाला घट घडवावयास बसविलें.

नुसतें सोयाबीन खाऊन पुरुषांच्या टकलावर केस उगवले, असें मोठ्या व काटेकोर परीक्षेनें अद्याप सिद्ध झालेलें नाहीं. उद्यां झाल्यास आम्हांस आनंदच होईल.

वनस्पति म्हणून निर्धोक?

याच्या उलट बाजूचेंही एक भय समाजांत आहे. सोयाबीन खाल्ल्यानें पुरुषत्व उणावतें, असें कित्येक तरुण मानतात. ४१ अभ्यासांचा एकत्र विचार करून २०२१ सालीं निघालेला निष्कर्ष असा कीं, सोयाबीनचे पदार्थ अथवा आयसोफ्लेवोन घेतल्यानें पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनांत फरक पडत नाहीं. हें ऐकून भयभीतांनीं निश्चिंत व्हावें. पण आशाळभूतांनींही त्यांतून कांहीं शिकावें. जो पदार्थ नेहमींच्या प्रमाणांत खाल्ल्यानें पुरुषसंप्रेरकाची पातळीच हालत नाहीं, त्याच्याकडून फिनास्टेराइडसारख्या औषधाची कामगिरी अपेक्षिणें धाडसाचें आहे.

प्रमाण सोडल्यास मात्र वनस्पतीही आपला प्रताप दाखविते. पश्चिम ऑस्ट्रेलियांत १९४० नंतरच्या वर्षांत एका जातीच्या क्लोव्हर गवतावर चरणाऱ्या मेंढ्या वांझ होऊं लागल्या. त्या गवतांतील एका आयसोफ्लेवोनपासून मेंढीच्या पोटांत पुष्कळ इक्वॉल बनत होतें, हें त्याचें कारण निघालें. अमेरिकेंत एक साठ वर्षांचा गृहस्थ रोज सुमारें पावणेतीन लिटर सोयाबीनचें दूध पिऊं लागला, आणि त्याचे स्तन वाढून दुखूं लागले. दूध सोडल्यावर तो बरा झाला, अशी नोंद २००८ सालीं झाली आहे. मेंढी दिवसभर तेंच गवत खाते आणि त्या गृहस्थानें तारतम्य सोडलें होतें. जपानांतील वडीलधारीं माणसें रोज साधारण पंचवीस ते पन्नास मिलिग्रॅम आयसोफ्लेवोन जेवणांतूनच घेतात, आणि त्यांचें कांहीं बिघडत नाहीं. अर्काच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. आहारांत जें पदार्थरूपानें वाटीभर येतें तें गोळ्यांत एका चिमटींत येतें, आणि प्रमाणाचा अंदाज तेथेंच सुटतो.

मग घरांत काय करावें? सोयाबीन हें कडधान्य म्हणून खावें. तें कच्चें खाऊं नये. नीट शिजवावें अथवा भाजावें, कारण कच्च्या दाण्यांत प्रथिनाच्या पचनास अडथळा करणारे पदार्थ असतात. केस गळत असतील तर पिठाच्या डब्यापूर्वीं रक्ताची तपासणी करावी; लोह आणि थायरॉईड या दोन गोष्टी आधीं पाहाव्या. आणि घरांत कोणी थायरॉईडची गोळी घेत असेल तर ती केवळ पाण्याबरोबर, अनशेपोटीं, न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधीं घ्यावी. लोह व कॅल्शियम यांच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवाव्या. सोयाबीन सोडण्याचें कारण नाहीं, पण तें त्या गोळीच्या वेळेजवळ येऊं देऊं नये, आणि आहारांत तें नव्यानें वाढविलें असल्यास डॉक्टरांस तसें सांगावें. वडीलधाऱ्यांनीं उपाय सुचविण्यापूर्वीं धाकट्यांना एवढें विचारावें, "तुम्ही दुसरें कांहीं औषध घेतां का?" आम्हीं तें विचारलें नाहीं. आणि सूनबाई आमचा शब्द मोडणाऱ्या नव्हेत, म्हणूनच तो शब्द अधिक जपून उच्चारावयास हवा होता.

गोळीची वेळ निराळी केल्यावर त्यांचा थकवा दोन महिन्यांत ओसरला. केस गळणें थांबावयास आणखी कांहीं महिने लागले, कारण केस त्यांच्याच पंचांगानें चालतात. पुतण्याचा विवाह मार्गशीर्षांत झाला. मुलीनें कपाळाविषयीं चकार शब्द काढला नाहीं. तिनें विचारलें तें नोकरींतील बदल्यांविषयीं. डब्यांत उरलेलें पीठ आमच्या वहिनींनीं थालिपिठाच्या भाजणींत घातलें, आणि तें चांगलें लागलें.